सुटाबुटातला माणूस आणि त्याचं घाणेरडं जग

रंगमंचावर एक माईक आणि एक माणूस. शिडशिडीत बांधा, अंगात जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांच्या 'कॉम द गार्सों'चा सूट, आणि वरच्या ओठावर रेघ ओढल्यासारखी बारीक मिशी. ही मिशी त्याने तरुणपणी गायक लिटल रिचर्डचं पाहून ठेवली. ती उठून दिसावी म्हणून तो अजूनही तिच्यावर मेबलिनची भुवया कोरायची पेन्सिल फिरवतो. दुरून पाहिलं तर एखाद्या जुन्या विमा कंपनीतला मोठा साहेब वाटावा. मग तो तोंड उघडतो. पुढचा तास-सव्वा तास कुत्र्याची विष्ठा, तुरुंग, चमत्कारिक वासना, भिकार सिनेमे, चारचौघांत काढू नयेत असे सगळे विषय तो अतिशय स्वच्छ वाक्यांत, भरधाव वेगाने आणि हातात एकही कागद न घेता बोलत राहतो.

हा जॉन वॉटर्स. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा, जन्म 22 एप्रिल 1946. लेखक विल्यम बरोज यांनी त्याला 'कचऱ्याचा पोप' ही पदवी दिली आणि ती त्याला कायमची चिकटली. 'धिस फिल्दी वर्ल्ड' नावाचा त्याचा एकपात्री कार्यक्रम गावोगाव फिरला. 2006 साली विनोदी नट जेफ गार्लिनने तो न्यूयॉर्कच्या एका जुन्या नाट्यगृहात चित्रित केला. पुढे या कार्यक्रमाची नावं बदलली, मजकूर दरवर्षी नवा होत गेला, पण मांडणी तीच राहिली. मी तो चित्रित प्रयोग तीनदा पाहिला आहे. पहिल्यांदा नुसता हसलो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो. तिसऱ्यांदा एकाच प्रश्नासाठी पाहिला, आणि या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

वॉटर्सचा शेवटचा सिनेमा 2004 सालचा. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ त्याला एकही सिनेमा करता आलेला नाही. दिग्दर्शक म्हणून हे जवळपास विस्मरणात जाणंच. तरीही या काळात त्याचा प्रेक्षक वाढला, वयाने तरुण होत गेला आणि आजही तो तिकीट काढून त्याला ऐकायला येतो. सिनेमे दाखवणाऱ्या माणसाचं नुसत्या सांगण्यावर कसं भागलं? माझं उत्तर असं की वॉटर्स मुळातच सांगणारा माणूस होता. दाखवणं त्याच्या आयुष्यात मध्ये येऊन गेलं.

शेकोटी, दुर्बीण आणि मेलेले मासे

त्याच्या लहानपणच्या गोष्टी त्याने स्वतःच अनेकदा सांगितल्या आहेत. त्या एका ओळीत मांडल्या की चित्र स्पष्ट होतं. उन्हाळी शिबिरात त्याने एक भयकथा लिहिली आणि रोज रात्री शेकोटीभोवती ती थोडी थोडी वाचून दाखवली. मुलांना रात्री भयानक स्वप्नं पडायला लागली, पालकांच्या तक्रारी आल्या. लहान मुलांच्या वाढदिवसांना तो पैसे घेऊन कठपुतळ्यांचे खेळ करायचा. मोडलेल्या गाड्यांचं त्याला वेड, म्हणून आई त्याला भंगारवाल्याच्या आवारात घेऊन जायची आणि अपघातात चेपलेल्या गाड्या दाखवून आणायची. (ही आई मला या सगळ्या हकिकतीत फार मोठी वाटते. पोराचं वेड तिला कळत नव्हतं, पण तिने ते झिडकारलं नाही.) रविवारच्या कॅथलिक शाळेत नन्स निषिद्ध सिनेमांची यादी वाचून दाखवत, हे पाहिलेत तर नरकात जाल म्हणून बजावत. त्या पोराला मात्र आपण काय काय पाहायचं याची आयती यादी मिळाली. ड्राइव्ह-इन थिएटरात मोठ्यांचे सिनेमे लागत, तेव्हा तो लांबून दुर्बिणीने ते बघायचा. आवाज नाही, फक्त चित्र. संवाद आपणच मनात भरायचे.

त्याचा बालपणीचा आदर्श म्हणजे विल्यम कॅसल हा निर्माता-दिग्दर्शक. कॅसलचे भयपट साधारणच, पण ते विकण्याच्या त्याच्या युक्त्या अफाट. 1958 च्या एका सिनेमासाठी त्याने प्रेक्षक भीतीने मेला तर हजार डॉलर देणारी विम्याची पॉलिसी वाटली. 1959 च्या 'द टिंगलर'साठी काही खुर्च्यांखाली मोटारी बसवल्या, ऐन प्रसंगी प्रेक्षकाच्या बुडाखाली थरथर व्हायची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या सिनेमात पडद्याशेजारून एक सांगाडा तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर सरकत यायचा. वॉटर्स कार्यक्रमात कॅसलबद्दल बोलतो तेव्हा त्याचा सगळा साहेबी आव गळून पडतो आणि बारा वर्षांचं पोर दिसायला लागतं. सिनेमा पडद्यावर संपत नाही, तो खुर्चीत, दारात, जाहिरातीत आणि घरी जाऊन सांगितलेल्या हकिकतीतही चालू राहतो, हे तो कॅसलकडून शिकला.

त्याच सुमारास शेजारपाजारचा ग्लेन मिलस्टेड त्याला भेटला. शाळेत छळला गेलेला, लठ्ठ, बायकी म्हणून हिणवला गेलेला मुलगा. वॉटर्सने त्याला 'डिव्हाईन' हे नाव दिलं आणि अंगावर तंग झगा, अर्ध्या कपाळापर्यंत चढवलेल्या भुवया असं रूप घेऊन डिव्हाईन पडद्यावर आला. ही रंगभूषा व्हॅन स्मिथची. डोळ्यांच्या रंगाला जागा पुरावी म्हणून पुढचे केसच मागपर्यंत भादरलेले. मिंक स्टोल, डेव्हिड लोकरी, मेरी व्हिव्हियन पिअर्स, कुकी म्युलर, आणि बाल्टिमोरच्या फेल्स पॉइंट भागातल्या बारमध्ये काम करणारी, दात पडलेली, प्रेमळ ईडिथ मॅसी, अशी ही मंडळी जमली. त्यांनी स्वतःला 'ड्रीमलँडर्स' म्हणवून घेतलं. सुरुवातीच्या सिनेमांचे खेळ चर्चच्या सभागृहांत लागले, कारण भाड्याने जागा देणारं दुसरं कोणी नव्हतं.

1972 चा 'पिंक फ्लेमिंगोज' हा यातला गाजलेला सिनेमा. खर्च सुमारे 10 ते 12 हजार डॉलर, तेही वडिलांकडून उसने. वडिलांनी सिनेमा कधीच पाहिला नाही, वॉटर्सने पैसे मात्र व्याजासकट फेडले. 'जगातली सर्वांत घाणेरडी व्यक्ती' ही पदवी कोणाची, यावरून दोन टोळ्यांत जुंपते अशी गोष्ट. शेवटी डिव्हाईन रस्त्यावर कुत्र्याची ताजी विष्ठा उचलून खातो. खरोखर, एकाच शॉटमध्ये, कॅमेरा न थांबवता. न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात मध्यरात्रीचे खेळ लागले आणि हा सिनेमा दंतकथा झाला.

याच सिनेमाचा ट्रेलर माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. न्यू लाइन या वितरक कंपनीने ट्रेलरमध्ये सिनेमाचं एकही दृश्य घातलं नाही. दाखवले ते थिएटरबाहेर पडणारे प्रेक्षक. कोणी हसतंय, कोणी नाक मुरडतंय, कोणी 'काय सांगू तुम्हाला' म्हणत सांगायला लागतंय. माल झाकून ठेवला आणि मालाबद्दलचं बोलणं विकलं. तीस-चाळीस वर्षांनी वॉटर्स रंगमंचावर एकटा उभा राहून करतो ते यापेक्षा वेगळं काय आहे?

त्याचा पहिला रंगमंचही याच खेळांनी दिला. मध्यरात्रीच्या खेळाआधी तो आणि डिव्हाईन स्वतः हजर राहायचे. वॉटर्स पुढे येऊन प्रस्तावना करायचा, मग डिव्हाईन दाखल व्हायचा, टेलिफोन डिरेक्टऱ्या हातांनी फाडायचा, प्रेक्षकांत मेलेले मॅकरेल मासे भिरकावायचा. मग पोलिसाच्या गणवेशातला एक माणूस 'कार्यक्रम बंद करायला' यायचा आणि डिव्हाईन त्याचा गळा दाबायचा. तो पोलीस म्हणजे त्यांच्यातलाच कोणीतरी असे. प्रेक्षकांत बहुतेक हिप्पी, पोलिसांवर खार खाऊन असलेले. सगळं थिएटर डोक्यावर घ्यायचे. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या सरकारी माणसाची उतरवतो तेव्हा पारावर बसलेल्यांचं जे होतं, तेच. या जोडीत एक सांगत होता, दुसरा करून दाखवत होता. डिव्हाईन गेल्यावर सांगणारा उरला.

किळस सांगितली की काय होतं

एकपात्री म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे 'बटाट्याची चाळ' येते, नाहीतर एकाच अंगात पन्नासेक माणसं घेऊन फिरणारे लक्ष्मण देशपांडे. आपला एकपात्री नट माणसामागून माणूस होत जातो. वॉटर्स कोणीच होत नाही. तो नक्कल करत नाही, आवाज बदलत नाही, रंगमंचावर फारसा फिरतही नाही. एका हातात माईक, दुसऱ्या हाताचे थोडेसे हावभाव, आणि वाक्यामागून वाक्य. नाटकापेक्षा हे कीर्तनाच्या जवळचं आहे. एक माणूस, उभ्याने, आधी आपली परंपरा सांगतो, मग त्या परंपरेचं आजच्या जगात काय करायचं ते सांगतो.

परंपरा म्हणजे कॅसल, क्रोगर बॅबसारखे गावोगाव 'मोठ्यांसाठी फक्त' सिनेमे दाखवणारे जत्रावाले, मग ड्रीमलँडर्स, मग एकेक सिनेमा सालवार. सेन्सॉर बोर्डावरच्या बाईंची गोष्ट त्यात हमखास असते. मेरीलँड राज्याचं स्वतःचं सेन्सॉर बोर्ड होतं. अमेरिकेतलं असं शेवटचं राज्य बोर्ड, 1981 ला बंद झालं. त्यातल्या मेरी अव्हारा या सदस्य बाईंनी वॉटर्सला वर्षानुवर्षं छळलं आणि त्याला फुकटची प्रसिद्धीही दिली. आपल्याकडे त्याच 1972 साली 'सखाराम बाइंडर' परिनिरीक्षण मंडळात अडकलं आणि कमलाकर सारंग कोर्टात गेले, त्यामुळे हा झगडा आपल्या वाचकाला परका नाही. फरक इतकाच की तेंडुलकरांना प्रेक्षक अस्वस्थ व्हायला हवा होता. वॉटर्सला तो अस्वस्थ होऊन हसायला हवा होता.

या 'हसायला'पाशी मी थांबतो, कारण कार्यक्रमाचं सगळं कसब इथे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्साला रसांत मानाची जागा आहे. त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. भरत म्हणतो की शृंगारातून हास्य उपजतो आणि बीभत्सातून भयानक. वॉटर्सच्या सिनेमात किळस आणि हसू एकमेकांवर आदळतात, पण ऐन क्षणी किळस जिंकते. 'पिंक फ्लेमिंगोज'चा शेवट मी डोळे उघडे ठेवून एकदाच पाहिलाय. रंगमंचावर मात्र तोच प्रसंग तो सांगतो तेव्हा मी पोट धरून हसलो. फरक अंतराचा. पडद्यावर आपण विष्ठेसमोर असतो. रंगमंचावर आपण सुटातल्या एका सभ्य माणसासमोर असतो आणि विष्ठा त्याच्या नेटक्या वाक्यात बांधलेली असते. त्या कुत्र्याच्या मागे मागे सगळं युनिट कसं फिरत राहिलं असेल, हे तो सांगायला लागला की लक्ष घाणीवरून माणसांवर जातं. चार मित्र, एक कॅमेरा, एक कुत्रा, आणि सगळे खोळंबलेले. बीभत्सातून हास्य काढायचा रस्ता या सांगण्यातून जातो.

म्हणून त्या सुटाला महत्त्व. तो गबाळा, मळक्या कपड्यांत आला असता तर बोलणं गलिच्छ वाटलं असतं. त्याने 1981 च्या आपल्या पुस्तकातच भेद करून ठेवलाय की वाईट अभिरुची चांगलीही असते आणि वाईटही, आणि वाईट अभिरुची कळायला आधी अभिरुची उत्तम लागते. हे नुसतं चमकदार वाक्य नव्हे. तो डझनावारी मासिकं वाचतो, समकालीन चित्रकलेचा जाणता संग्राहक आहे, सोमवार ते शुक्रवार सकाळी ठरल्या वेळी लिहायला बसतो. कार्यक्रमाचा शब्दन् शब्द आधी लिहिलेला, घोकलेला असतो. ऐकताना सगळं सहज सुचल्यासारखं वाटतं, आणि तिथेच त्याची मेहनत दिसते.

परंपरा सांगून झाली की उत्तररंग. फॅशन, सेलिब्रिटी, समलिंगी समाजातले नवेनवे पंथ (तो स्वतः समलिंगी आहे, आणि आपल्या लोकांचीही गय करत नाही), मेरीलँडच्या तुरुंगात कैद्यांना सिनेमा शिकवतानाचे अनुभव, तरुणांनी कोणते वात्रटपणे करावेत याची यादी. मधेच पुस्तकांवर येतो. कोणाच्या घरी गेलात आणि घरात पुस्तकं दिसली नाहीत, तर त्या माणसाबरोबर झोपू नका, असा त्याचा सल्ला. मूळ शब्द याहून उघडे आहेत. प्रेक्षक टाळ्या कुटतात, पण मला त्या क्षणी हा माणूस कळला. वाचनाची कळकळ सांगणारी हजार भाषणं मी ऐकली असतील, एकही इतकं लक्षात राहिलेलं नाही.

आणि तो कोणाला हसतो? हा प्रश्न मी वहीत वर लिहून ठेवला होता. लठ्ठ, कुरूप, वेडगळ, गरीब, वाया गेलेली म्हणून समाजाने बाजूला सारलेली माणसं त्याच्या गोष्टींत सतत येतात. एकदाही ती त्याच्या विनोदाची शिकार होत नाहीत. ती नायक असतात. ईडिथ मॅसीबद्दल तो बोलतो तेव्हा तिच्या दातांवर हसू येतं, पण तो तिला मोठं करत असतो. त्याच्या विनोदाचं टोक असतं ते स्वतःला नॉर्मल समजणाऱ्यांकडे, सोवळेपणाकडे, आणि नवं काही सुचत नाही म्हणून नुसता धक्का देऊ पाहणाऱ्यांकडे. आपल्याकडे वात्रट विनोद म्हणून जे खपतं त्यात जाड बाई, तोतरा नोकर, बायकी मुलगा यांना बडवणं असतं. वॉटर्सच्या जगात तोच बायकी मुलगा झगा घालून पडद्याची राणी होतो. मला या कार्यक्रमात काय मिळालं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

हिशेब

आता पैशांचं. 2004 च्या 'अ डर्टी शेम'ला अमेरिकेत 'एनसी-17' हे सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळालं. हे प्रमाणपत्र लागलं की कित्येक थिएटरं सिनेमा घेत नाहीत, जाहिराती नाकारल्या जातात, दुकानं डीव्हीडी ठेवत नाहीत. शेवटी कातरलेली एक आवृत्ती वेगळी काढावी लागली. दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या सिनेमाने तिकीटबारीवर वीस लाखही ओलांडले नाहीत. पुढे त्याने मुलांसाठी ख्रिसमसचा एक सिनेमा लिहिला, त्याचे पैसे 2008 च्या मंदीत आटले. अलीकडे त्याच्या 2022 च्या कादंबरीवर सिनेमा व्हायचा होता, अभिनेत्रीही ठरली, पण भांडवल उभं राहिलं नाही.

दहा हजारांत सिनेमा करणारा माणूस लाखो डॉलरच्या युनियनवाल्या, विमा उतरवलेल्या, वकिलांनी वेढलेल्या धंद्यात पोचला होता. परत दहा हजारांत सिनेमा करणं त्याला शक्य नव्हतं आणि करायचंही नव्हतं. तरुणपणीचा गनिमी कावा म्हातारपणी पुन्हा केला तर ती नक्कल होते, हे त्याला ठाऊक होतं. इथे एकपात्रीचं अर्थकारण कामाला आलं. माणूस एक, सूट एक, विमानाचं तिकीट एक. वाद्यवृंद नाही, नेपथ्याचा ट्रक नाही, निर्मात्याची परवानगी नाही. डिसेंबरमधला त्याचा ख्रिसमसचा कार्यक्रम 1990 च्या दशकापासून सुरू आहे. महिन्याभराच्या आत पंधराच्या आसपास शहरं, जवळपास रोज नवं गाव, आणि दरवर्षी नव्याने लिहिलेला मजकूर. वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावरही. आपल्याकडे सुगीनंतर फिरणारे फड आणि जत्रांच्या तारखा ज्यांनी पाहिल्यात त्यांना या दौऱ्याची दमछाक समजेल.

ख्रिसमसच का, तर त्याचं त्या सणावर खरं प्रेम आहे. लहानपणी आजीच्या अंगावर ख्रिसमसचं झाड कोसळलेलं त्याने पाहिलं होतं. 1974 च्या 'फिमेल ट्रबल'मध्ये ते आलं. हवे ते उंच टाचांचे बूट मिळाले नाहीत म्हणून डिव्हाईन आईवर झाड उलथवतो. त्याच सिनेमातली मृत्युदंडाची विजेची खुर्ची वॉटर्सच्या घरी आहे. दर डिसेंबरला झाडाऐवजी तो तीच दिव्यांच्या माळांनी सजवतो. सणाला नाकं मुरडणारा आणि सण मनापासून साजरा करणारा, दोन्ही तोच.

या दौऱ्यांना 'हेअरस्प्रे'नेही बळ दिलं. 1988 चा हा सिनेमा त्याने बाल्टिमोरच्या एका जुन्या टीव्हीवरच्या नृत्याच्या कार्यक्रमावरून केला. तो कार्यक्रम 1964 साली बंद पडला, कारण गोऱ्या आणि काळ्या मुलामुलींनी एकत्र नाचावं हे चालवून घेतलं जाणार नव्हतं. सिनेमात वॉटर्सने ती मुलं एकत्र नाचवली. 2002 ला ब्रॉडवेवर त्याचं संगीत नाटक झालं, पुढच्या वर्षी नाटकांसाठीचे आठ टोनी पुरस्कार. आज अमेरिकेतल्या शाळा ते बसवतात. वॉटर्स रंगमंचावरून आनंदाने सांगतो की आपलं सर्वांत बंडखोर काम हेच, कारण झग्यातला एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला प्रेमगीत म्हणतो आणि ज्यांनी एरवी नाक दाबलं असतं तेच आईबाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात.

जिथे हसू थांबतं

मला या माणसाचं सगळंच पटतं असं नाही. 'पिंक फ्लेमिंगोज'मधल्या एका दृश्यात कोंबडी मारली जाते. ती कोंबडी खाण्यासाठीच विकली जात होती आणि नंतर युनिटने ती शिजवून खाल्ली, असं वॉटर्सचं उत्तर. मटण-कोंबडी खाणाऱ्या आपण लोकांनी फार उड्या मारू नयेत हे खरं, तरी दृश्याच्या मजेसाठी जीव तडफडवणं मला त्याच्या सांगण्यानेही हसण्यासारखं होत नाही. सांगण्याची जादू सगळीकडे चालत नाही.

पण एका बाबतीत त्याने स्वतःच सीमा ओळखली आणि ती मोठ्याने बोलून दाखवली. सुरुवातीच्या सिनेमांत त्याने चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने 1969 साली कॅलिफोर्नियात केलेल्या खुनांची थट्टा केली होती. नंतर त्या टोळीतल्या लेस्ली व्हॅन हाउटन या कैदी बाईशी त्याची ओळख आणि मैत्री झाली, आणि तिच्याबरोबर त्या खुनांचं खरं ओझं त्याच्या लक्षात आलं. 2010 च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं की मेलेल्यांच्या घरच्यांचा विचार न करता आपण त्या हत्यांचा उथळ विनोद केला, आणि याबद्दल आपण अपराधी आहोत. धक्का देणं ज्याचा धंदा, त्याने आपल्याच जुन्या धक्क्याची अशी माफी मागणं सोपं नव्हतं. चांगली वाईट अभिरुची आणि वाईट वाईट अभिरुची हा त्याचा भेद इथे त्याने स्वतःवर लावून पाहिला. त्यानंतरच्या कार्यक्रमांत मला एक मऊपणा जाणवतो. विनोद तितकाच अचकट, पण कोणाच्या घरातलं माणूस गेलंय याचं भान राखलेलं.

गेलेली माणसं

डेव्हिड लोकरी 1977 ला गेला. ईडिथ मॅसी 1984. डिव्हाईन 7 मार्च 1988 ला, 'हेअरस्प्रे' थिएटरांत लागून काही दिवस होतात न होतात तोच, झोपेत. कुकी म्युलर पुढच्या वर्षी एड्सने. व्हॅन स्मिथ 2006 ला. जी मंडळी एकत्र जमून खेळ करायची त्यांतली निम्मीअर्धी नाहीत. दर प्रयोगात वॉटर्स त्यांची नावं घेतो, त्यांचे किस्से सांगतो, आणि विशीतली पोरं, जी डिव्हाईन गेल्यानंतर दशकाने जन्मली, त्या नावांना टाळ्या देतात. प्रयोगानंतर सह्यांसाठी रांग लागते. पुस्तकांवर, पोस्टरवर, अंगावर कुठेही सही मागतात, तोही देतो. रांगेत बरेचदा आईबाप आपल्या मुलामुलीला घेऊन आलेले असतात. घरात एरवी जमत नसलेली दोन पिढ्यांची माणसं या एका बाबतीत जमवून घेतात. नाटक मंडळी बंद पडली की तिचे पडदे, मुखवटे कुठल्यातरी वखारीत सडतात, हे आपण पाहिलंय. वॉटर्सने आपली मंडळी सांगण्यात जिवंत ठेवली.

प्रतिष्ठेने आता त्याला सगळीकडून गाठलंय. 2021 साली 'पिंक फ्लेमिंगोज' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जतन करण्यासाठी निवडला गेला. 2023 साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयात त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि हॉलीवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाची चांदणी बसली. ज्याचा धंदाच प्रतिष्ठितांना चिडवण्याचा, त्याला प्रतिष्ठितांनीच खांद्यावर घेतलं तर पुढे बोलायचं काय, ही त्याच्यापुढची नवी अडचण. त्याने ती रंगमंचावरच बोलून टाकली. आता तो स्वतःला घाणीतला वडीलधारा म्हणवतो, आणि आपल्याला मान मिळतोय याचाच विनोद करतो.

बाल्टिमोरच्या कला संग्रहालयाला त्याने आपल्या संग्रहातल्या 372 कलाकृती मृत्युपत्राने देऊ केल्या. बदल्यात संग्रहालयाने त्याच्या नावे काय करावं, याची मागणी त्याने आधीच करून ठेवली होती. स्वच्छतागृहांना आपलं नाव द्या. 2021 साली ती खुली झाली, स्त्री-पुरुष असा भेद नसलेली, दारावर जॉन वॉटर्सचं नाव. उद्घाटनाला त्याने एलिझाबेथ कॉफीला बोलावलं. 'पिंक फ्लेमिंगोज'मध्ये काम केलेली ट्रान्स अभिनेत्री, त्याची पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण. त्या स्वच्छतागृहाचा पहिला वापर तिने केला.